बाण सरळ कसा जातो ?

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपल्या चोवीस गुरूंची जी गणना केली आहे, तींत बाण करणाऱ्या एका कारागिराचाहि समावेश आहे. हा कारागीर बाण घडविण्यांत इतका गढून गेला होता कीं, शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत निघून गेली तरी त्यास तिचा पत्ता लागला नाहीं. एकनाथ महाराजांच्या भागवतामुळें ही कथा महाराष्ट्रांत घरोघर पोंचली आहे. कथेचें तात्पर्य एकाग्रता हें होय, आणि तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. एका लहानशा काडींत इतकें पाहण्यासारखें त्या मनुष्यास काय दिसत होतें ? काडी सरळ आहे कीं वांकडी, हें तर पोरासहि एका दृष्टिक्षेपांत कळतें. मग राजाच्या स्वारीचा विसर पडावा एवढें गहन त्या कामांत काय आहे ?

या प्रश्नाचें उत्तर मला पोथींत मिळालें नाहीं. तें शिरपूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर राहणाऱ्या एका पावरा वृद्धानें दिलें.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळकरी मुलांच्या एका क्रीडास्पर्धेंत धनुष्यबाणानें निशाण मारण्याचा सामना ठेविला होता. माझ्या वर्गांतील एक पावरा विद्यार्थी त्यांत उतरला. लहानपणापासून ज्याच्या हातांत तीरकामठा आहे तो पहिला येणार, याविषयीं मला शंका नव्हती. धनुष्य त्याचें घरचें होतें. बाण मात्र मीं दुसरीकडून नवे, गुळगुळीत व सुंदर पिसांचे आणवून दिले होते. वीस पावलांवर गवताचा भारा उभा केला होता. मुलानें नेम धरून पहिला बाण सोडला, तो भाऱ्याच्या डाव्या बाजूनें निघून गेला. दुसरा तसाच गेला, तिसराहि तसाच. जमलेलीं मुलें हंसूं लागलीं. "हात सरळ धर, घाबरतोस काय ?" असें मीं त्यास जरा रागानेंच म्हटलें. त्यानें मान खालीं घातली व उरलेले बाण सोडले. तेहि डावीकडेच गेले. सामना पाहावयास त्याचा आजा आला होता. त्यानें पडलेल्या बाणांपैकीं एक उचलला, दोन्ही हातांत धरून किंचित् वांकवून पाहिला, आणि तो मला म्हणाला, "मास्तर, पोराचा हात वांकडा नाहीं. हा तीर ह्या कामठ्याचा नाहीं."

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यांत माझे पुढील कित्येक रविवार गेले. त्या वृद्धाच्या अंगणांत जें पाहिलें आणि पुस्तकांतून जें वाचलें, तें आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शिरपूर गांव अरुणावती नदीच्या कांठीं वसलेलें असून ही नदी पुढें तापीस मिळते. गांवाच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा लागतात, आणि मुंबई-आग्रा रस्ता पळासनेरावरून घाट चढून सेंधव्याकडे जातो. या डोंगरपट्टींत पावरा व भिल्ल लोकांची वस्ती आहे. 'भिल्ल' हें नांव धनुष्यवाचक द्राविडी शब्दावरून आलें असावें, असें अनेक विद्वानांचें मत आहे. तमिळ भाषेंत धनुष्यास 'विल्' व कानडींत 'बिल्लु' म्हणतात. १८५७ सालीं खाज्या नाईक यानें सेंधव्याच्या याच घाटांत इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला, व १८५८ च्या एप्रिलांत आंबापाणी येथें भिल्ल इंग्रजी फौजेशीं लढले. एवढा जुना इतिहास असलेलें हें हत्यार आतां शिकारीचें राहिलेलें नाहीं. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठीं १९७२ सालीं झालेल्या कायद्यानें शिकारीस बंदी आहे. तीरकामठा आतां बहुधा घराच्या कुडाला टांगलेला असतो. होळीपूर्वीं भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हां ढोल व बासरी यांच्याबरोबर तोहि कोणाच्या तरी खांद्यावर दिसतो.

भिल्लांच्या धनुष्याचें वैशिष्ट्य असें कीं, त्याचा दांडा वेळूचा असतो आणि दोरीहि वेळूचीच असते. वेळूच्या बाहेरील कठीण सालीची लांब, पातळ पट्टी काढून ती दोरीच्या जागीं बांधतात. ही युक्ति फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धनुष्याच्या दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग व स्नायु यांबरोबर वेणूचाहि, म्हणजे वेळूचा, उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखकांनीं भिल्लांच्या शस्त्रांचीं जीं वर्णनें लिहून ठेविलीं आहेत, त्यांत वेळूच्या चटईचा भाता, सुमारें एक वार लांबीचे बाण, सुरीसारखीं चपटीं किंवा खिळ्यासारखीं गोल अशीं लोखंडी टोंकें, आणि पांखरांसाठीं गोळ्यासारख्या बोथट डोक्याचे निराळे बाण, असा तपशील आढळतो. निरनिराळ्या कामांसाठीं निराळे बाण लागतात, हें त्यावरून दिसतें. पण एकाच कामासाठीं निराळ्या धनुष्यासहि निराळा बाण लागतो, ही गोष्ट वर्णनें लिहिणाऱ्यांच्या नजरेस सहसा येत नाहीं. आणि आपला विषय तोच आहे.

प्रथम एक कोडें सोडवूं. पाटीवर आकृति काढून पाहिल्यास तें लवकर समजेल. धनुर्धरानें डाव्या हातांत धनुष्य उभें धरलें आहे, उजव्या हाताच्या बोटांनीं दोरी ओढली आहे, आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगास, मुठीवर टेंकविला आहे, असें समजा. अंगठ्यानें दोरी ओढणारे लोक बहुधा बाण उजव्या अंगास ठेवितात. त्यांनीं पुढील सर्व विवेचनांत डावें-उजवें उलट घ्यावें. दोरी धनुष्याच्या बरोबर मध्यरेषेंत असते. बाणाचें मागचें टोंक दोरीवर, म्हणजे मध्यरेषेंत असतें. परंतु पुढचा भाग मध्यरेषेंत येऊं शकत नाहीं, कारण तेथें धनुष्याची मूठ आडवी येते. म्हणजे बाण दोरीवर चढविल्याक्षणींच तो तिरपा असतो.

आतां हा तिरपेपणा मोजूं. मूठ ४ सेंटिमीटर रुंद असेल, तर बाण मध्यरेषेपासून २ सेंटिमीटर बाजूस सरला. दोरी पूर्ण ओढली असतां ती मुठीपासून ६५ सेंटिमीटर मागें आहे, असें धरल्यास बाणाचा मध्यरेषेशीं होणारा कोन सुमारें पावणेदोन अंशांचा येतो. दोरी सोडली म्हणजे ती पुढें धांवते व मुठीपासून सुमारें १५ सेंटिमीटरांवर येऊन थांबते. बाण अजून मुठीला लागूनच असेल, तर आतां हा कोन साडेसात अंशांवर गेला. लोखंडी गजासारखा ताठ बाण या साडेसात अंशांच्या रेषेनें निघाला, तर २० मीटरांवर तो निशाणाच्या डावीकडे अडीच मीटरांहून अधिक दूर पडेल. धनुर्धराचा नेम कितीहि अचूक असला तरी भूमितीपुढें त्याचें कांहीं चालणार नाहीं.

आणि तरीहि बाण निशाणावर लागतो ! पाश्चात्त्य धनुर्धरांनीं या गोष्टीस 'धनुर्धराचा विरोधाभास' असें नांव दिलें आहे. त्याची उकल अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ते क्लॅरेन्स हिकमन यांनीं १९३० ते १९४० या दशकांत अतिशीघ्र छायाचित्रणाच्या साह्यानें डोळ्यांस दिसेल अशी करून दाखविली. ती उकल एका वाक्यांत सांगावयाची तर अशी : बाण सरळ जातो, कारण तो वांकतो.

हें कसें घडतें तें पाहा. एक लांब, बारीक छडी जमिनीवर उभी धरून तिच्या वरच्या टोंकावर तळहातानें एकदम दाब दिला, तर ती मध्यें वांकते. बाणाचेंहि तसेंच होतें. मागून दोरीचा जोराचा धक्का बसतो. पुढें जड टोंक आपल्या जडत्वामुळें लगेच हलूं इच्छीत नाहीं. दोहोंमध्यें सांपडलेली काडी वांकते. शिवाय दोरी बोटांवरून घसरतांना थोडी बाजूस सरकते, त्यामुळें हें वांकणें दर वेळीं एकाच दिशेनें सुरू होतें. प्रथम काडीचा मध्यभाग मुठीकडे दबतो. मग तो उसळून मुठीपासून दूर फुगतो. आणि नंतर पुन्हां उलट वळतो. या शेवटच्या वळणांत बाणाची शेपटी मुठीपासून अलग झालेली असते, आणि पिसें मुठीस न घांसतां निघून जातात. पाण्यांतला मासा खडकास वळसा घालून जावा, तसा बाण धनुष्यास वळसा घालून जातो. पुढें कांहीं अंतरापर्यंत तो वळवळत राहतो. पिसें त्याची वळवळ शांत करितात व तो स्थिर होतो. हा सर्व खेळ दोरी सुटल्यापासून सेकंदाच्या सुमारें साठाव्या-सत्तराव्या भागांत आटोपतो, म्हणून साध्या डोळ्यांस तो दिसत नाहीं.

यावरून मुख्य सिद्धांत आपोआप निघतो. दोरीस मूळ जागीं येण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळांत बाणाचें एक आंदोलन पुरें झालें पाहिजे. धनुष्य बळकट असेल तर धक्का मोठा व वेळ थोडा. म्हणून त्यास ताठ बाण पाहिजे. धनुष्य हलकें असेल तर धक्का बेताचा व वेळ अधिक. म्हणून त्यास लवचिक बाण पाहिजे. हलक्या धनुष्यावर फार ताठ बाण लाविला तर तो पुरेसा वांकत नाहीं, मुठीस घांसतो व डावीकडे जातो. बळकट धनुष्यावर फार लवचिक बाण लाविला तर तो प्रमाणाबाहेर वांकून उजवीकडे जातो. माझ्या विद्यार्थ्याचें धनुष्य त्याच्या वयास शोभेल असें हलकें होतें, आणि मीं आणविलेले बाण प्रौढ मनुष्याच्या कडक धनुष्यासाठीं केलेले होते. ते डावीकडे गेले यांत नवल नव्हतें. उजवीकडे गेले असते तर नवल!

हाच नियम सर्व देशांत लागू आहे. १५४५ सालीं इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेलें 'मेरी रोझ' नांवाचें लढाऊ जहाज १९८२ सालीं समुद्रांतून वर काढण्यांत आलें. त्यांतून शंभराहून अधिक लांब धनुष्यें व साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. तीं धनुष्यें विलक्षण बळकट आहेत, आणि बाणांच्या काड्याहि त्या मानानें जाड आहेत. तसला एखादा बाण आमच्या मुलाच्या धनुष्यावर चढविला असता, तर तोहि डावीकडेच गेला असता.

आतां बाण तयार करण्याच्या कृतीकडे वळूं. संस्कृतांत 'शर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक बाण, आणि दुसरा बोरूसारखें एक जातीचें गवत. ज्या बोरूची लेखणी करून आपल्या पूर्वजांनीं मोडी अक्षर गिरविलें, त्याच कुळांतील काडीचा बाणहि होत असे. वेळूची बारीक काडीहि चालते. काडी पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडावी. त्या वेळीं तिच्यांत रस कमी असतो व ती किडण्याचें भय थोडें असतें. तोडलेल्या काड्यांची जुडी बांधून ती सावलींत वाळवावी. उन्हांत वाळविलेल्या काडीस चिरा पडतात.

वाळलेली काडी निसर्गतः पूर्ण सरळ कधींच नसते. तिचा वांकडा भाग निखाऱ्यावर फिरवीत ऊन करावा. जळूं देऊं नये. उष्णतेनें काडीचे तंतु नरम पडतात. मग वांक असेल त्याच्या उलट दिशेस हातानें दाब देऊन निवेपर्यंत तसेंच धरावें. निवण्यापूर्वीं हात सोडला तर वांक परत येतो. प्रथम दोन गांठींमधील पेरें सरळ करावींत, नंतर गांठी. प्रत्येक वेळीं काडी एका डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून दृष्टि फिरवावी. येथेंच अवधूताचा तो कारागीर मला प्रथम समजला. डोळा त्या रेषेवरून क्षणभर ढळला तरी पुन्हां आरंभापासून पाहावें लागतें, आणि हातांतली काडी तर तेवढ्यांत निवत असते.

काडी सरळ झाली म्हणजे अर्धें काम झालें. ती किती ताठ आहे, हें आतां पाहावयाचें. आजा हें काम केवळ हातानें करीत असे : काडीचीं दोन्ही टोंकें धरून मध्यें अंगठ्यांनीं दाबून तो दहा काड्यांच्या दोन राशी करी, एक मोठ्या मुलाच्या कामठ्यासाठीं व दुसरी नातवाच्या. आपल्यासारख्यांच्या हातांत तें ज्ञान नसतें, म्हणून आपण माप वापरावें. दोन विटा २६ इंच, म्हणजे सुमारें ६६ सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवर काडी आडवी ठेवावी, मध्यभागीं २ रत्तल, म्हणजे सुमारें ९०७ ग्रॅम वजन टांगावें, आणि मध्य किती खालीं येतो तें मोजावें. २६ या संख्येस त्या इंचांनीं भागिलें असतां जो आंकडा येतो, तो त्या काडीच्या ताठपणाचा आंकडा होय. काडी अर्धा इंच खालीं आली तर ताठपणा ५२. असा बाण ओढण्यास सुमारें ५० रत्तल बळ लागणाऱ्या धनुष्यावर प्रथम तपासून पाहतात. काडी पूर्ण इंचभर खालीं आली तर ताठपणा २६. तिचें धनुष्य त्या मानानें हलकें. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंत कोणासहि करितां येईल. एका भात्यांतील सर्व बाण ताठपणांत व वजनांत शक्य तितके सारखे असावे. नाहीं तर प्रत्येक बाण आपापल्या वाटेनें जाईल आणि दोष कोणाचा हें कधींच कळणार नाहीं.

दोरी बसण्याची खांच बाणाच्या बारीक टोंकाकडे, गांठीच्या जवळ कोरावी व तिच्या खालीं सुताचे वेढे घट्ट द्यावे, म्हणजे काडी दुभंगणार नाहीं. जाड टोंकास लोखंडी टोंक बसवावें. मग बाण बोटावर आडवा तोलून पाहावा. त्याचा तोल मध्यापेक्षां पुढें असला पाहिजे. ७५ सेंटिमीटर लांबीचा बाण मध्यापुढें ५ ते ८ सेंटिमीटरांवर तोलला तर ठीक. पिसें शेवटीं लावावयाचीं. तीं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखांतील असावींत, कारण डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बांक परस्परविरुद्ध असतो व तीं एकत्र लावल्यास एकमेकांचें काम बिघडवितात. पाळीव कोंबड्याचीं पिसें पुरतात. पिसाच्या देठाचें पुढचें टोंक घासून गुळगुळीत करावें व त्यावर सूत गुंडाळावें. तें तसेंच टोंचरें राहिलें तर बाण सुटतांना डाव्या हाताची कातडी सोलून काढतें.

परंतु पिसें लावण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावयाची असते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. पिसें ही बाणाची वळवळ शांत करणारी वस्तु आहे. म्हणजेच तीं बाणाचा दोष झांकितात. दोष पाहावयाचा असेल तर बाण बिनपिसांचाच सोडून पाहावा. आठ-दहा पावलांवर गवताचा घट्ट बांधलेला भारा ठेवावा व त्यांत असे चार-पांच बाण, खांद्याच्या उंचीवर, सारख्याच रीतीनें सोडावे. नंतर जवळ जाऊन बाण कोठें लागला याकडे न पाहतां तो कसा रुतला आहे, त्याची शेपटी कोणीकडे आहे, हें पाहावें.

प्रथम वर-खालींचा दोष काढावा. शेपटी वर राहिली असेल, तर दोरीवर बाण लावण्याची जागा थोडी खालीं घ्यावी. शेपटी खालीं असेल, तर ती जागा थोडी वर घ्यावी. जागा ठरली कीं तेथें दोरीवर सुताची खूण बांधावी. त्यानंतर डाव्या-उजव्याचा विचार. शेपटी उजवीकडे व टोंक डावीकडे वळलेलें असेल, तर बाण त्या धनुष्यास फार ताठ आहे. शेपटी डावीकडे व टोंक उजवीकडे असेल, तर तो फार लवचिक आहे. मात्र फार ताठ बाण मुठीवर आपटून कधीं कधीं उलट खूणहि दाखवितो. म्हणून मुठीवर घांसल्याची खूण आहे कां, हेंहि पाहावें, व एकाच बाणावरून निर्णय करूं नये.

दोष कळला म्हणजे उपाय कठीण नाहीं. बाण लवचिक असेल तर त्याची लांबी थोडी कमी करावी किंवा हलकें टोंक बसवावें. लांबीचा परिणाम वाटतो त्याहून मोठा आहे : लांबी एकदशांशानें कमी केली असतां तेवढ्याच भाराखालीं होणारें वांकणें चतुर्थांशाहूनहि अधिक घटतें. म्हणून एका वेळीं अर्ध्या सेंटिमीटराहून अधिक कापूं नये. आणि धनुष्य पूर्ण ओढलें असतां टोंक मुठीच्या पुढेंच राहील, एवढी लांबी ठेविलीच पाहिजे. टोंक मुठीच्या मागें आलें तर बाण स्वतःच्याच हातांत घुसतो. बाण ताठ असेल तर टोंक जड करावें, किंवा काडी सर्व बाजूंनीं सारखी खरवडून बारीक करावी. येथें तर फारच जपावें लागतें, कारण भरीव काडीचा व्यास एकदशांशानें कमी झाला तर तिचा ताठपणा सुमारें एक तृतीयांशानें जातो. कापलेलें व खरवडलेलें परत लावतां येत नाहीं. म्हणून थोडें करावें, सोडून पाहावें, पुन्हां थोडें करावें. या कामांत घाई करणारा मनुष्य चांगल्या काडीचें सरपण करितो.

आणखी एक सूचना देणें माझें कर्तव्य आहे. प्रत्येक वेळीं बाण सोडण्यापूर्वीं तो हळूच वांकवून व कानाशीं धरून पाहावा. बारीकशी चीर असेल तर कुरकुर ऐकूं येते. चिरलेला बाण दोरीच्या धक्क्यानें फुटून त्याच्या कपच्या हातांत शिरतात. निशाणाच्या मागें व बाजूस कोणी नाहीं अशी खात्री झाल्यावांचून बाण दोरीवर चढवूंच नये, आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीवांचून मुलांनीं हा खेळ खेळूं नये.

आतां त्या पडलेल्या बाणांचें काय झालें तें सांगतों. पुढल्याच रविवारीं मी ते घेऊन आजाच्या अंगणांत गेलों. त्यानें एकाचीं सुंदर पिसें माझ्यादेखत उपटून काढलीं, नातवास दहा पावलांवरून भाऱ्यावर बाण मारावयास सांगितला, व शेपटी उजवीकडे वळलेली दाखवून तो नुसता हंसला. मग काचेच्या तुकड्यानें काडी फिरवीत फिरवीत खरवडली, हलकें टोंक काढून जरा जड टोंक बसविलें, व बाण पुन्हां सोडवला. शेपटी थोडी सरळ आली. असें तीन वेळां झालें. चवथ्या वेळीं बाण भाऱ्यांत असा रुतला कीं, समोरून पाहतां त्याची केवळ वाटोळी शेपटीच दिसावी. पिसें चढविल्यावर तोच बाण वीस पावलांवरून त्याच मुलानें भाऱ्याच्या मधोमध मारला. त्यानें हात सरळ केला नव्हता, कारण तो आधींपासूनच सरळ होता. त्या दिवशीं टाळ्या वाजवावयास तेथें कोणी नव्हतें. मीं त्या मुलाची क्षमा मागितली.

या विद्येचें महत्त्व तीरकामठ्यापुरतेंच आहे असें नाहीं. राजस्थानांतील उदयपूरकडच्या आदिवासी कुटुंबांतून आलेले लिंबाराम लहानपणीं वेळूचें धनुष्य वापरीत. पुढें १९८८, १९९२ व १९९६ या तिन्ही ऑलिंपिक सामन्यांत ते भारताच्या वतीनें उतरले, व १९९१ सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या सातारा जिल्ह्यांतील सरडे या गांवचे प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळले. तेथें निशाण ७० मीटरांवर असतें व त्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १२.२ सेंटिमीटर असतो. आजचे बाण कर्बतंतूंचे असतात, परंतु दोरी बोटांनीं सोडणारा खेळाडु आपला बाण धनुष्याशीं जुळला आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं अजूनहि बिनपिसांचाच बाण सोडून पाहतो. सातपुड्यांतील अंगणांत व ऑलिंपिकाच्या मैदानांत परीक्षा एकच आहे.

आमच्या डोंगरांतून येणाऱ्या कित्येक मुलांच्या हातीं पुढें अशीं नवीं धनुष्यें येतील, यावींत अशी माझी इच्छा आहे. त्या वेळीं कोणा शिक्षकानें माझ्यासारखी चूक करूं नये. बाण एकाच बाजूस पुन्हां पुन्हां जात असेल, तर तो मुलाच्या हाताचा दोष नसण्याचा संभव फार आहे. आधीं बाण व धनुष्य यांचा मेळ तपासावा. पवित्र शास्त्रांतील १२७ व्या स्तोत्रांत तरुणपणीं झालेल्या मुलांस वीराच्या हातांतील बाणांची उपमा दिली आहे. ती मीं कित्येक वेळां वाचली होती, वर्गांत समजावूनहि सांगितली होती. परंतु प्रत्येक काडीचा ताठपणा निराळा असतो, आणि तो हातांत घेऊन पाहावा लागतो, हें मला त्या अंगणांत बसेपर्यंत कळलें नव्हतें.